डालेकचा बाप कोण?

गॅदरिंगला एकांकिका लिहिलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याकडे एका संस्थेनं ती प्रयोगासाठी मागितली. ‘सर, करारबिरार कशाला? ओळखीचीच माणसं आहेत,’ असं तो म्हणाला आणि मला टेरी नेशन आठवला. (माझीही एकांकिका एका हौशी मंडळीनं केली होती. पत्रिकेवर चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव होतं, लेखकाचं तेवढं राहून गेलं!)

नेशनचा जन्म १९३० चा, वेल्समधल्या कार्डिफचा. विनोदी नट व्हायला तो लंडनला आला, पण जम बसेना. स्पाइक मिलिगन या विनोदवीरानं त्याला हात दिला आणि तो रेडिओ-टीव्हीसाठी विनोदी लेखन करू लागला. १९६३ मध्ये टोनी हॅन्कॉक या गाजलेल्या विनोदी नटासाठी लिहीत असताना बीबीसीकडून ‘डॉक्टर हू’ या नव्या मालिकेसाठी विचारणा झाली. मुलांची विज्ञानमालिका म्हणून त्यानं नाक मुरडलं. मग हॅन्कॉकशी खटका उडाला, काम गेलं आणि हेच काम मुकाट्यानं घ्यावं लागलं!

त्यातून डालेक जन्मले. लहानपणी युद्धाचे दिवस पाहिलेल्या नेशननं या यंत्रांत नाझींची क्रूरता भरली. पाय दिसता कामा नयेत, घोळदार झग्यातल्या जॉर्जियन नर्तकींसारखं ते सरकत यावेत, ही कल्पनाही त्याचीच. नाव कुठून सुचलं, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा विश्वकोशाच्या खंडावर ‘डाल ते लेक’ वाचलं म्हणून त्यानं ठोकून दिलं. पुढे स्वतःच थाप कबूल केली. विनोदी लेखकाची खोड, दुसरं काय!

डिसेंबर १९६३ मध्ये डालेक पडद्यावर आले आणि इंग्लंडातली पोरं वेडी झाली. खेळणी, पुस्तकं, १९६५ व १९६६ मध्ये दोन चित्रपट. नेशनची एजंट बेरिल व्हर्च्यू हिनं करारातच डालेकवरचा त्याचा हक्क राखून घेतला होता. बीबीसीबरोबर त्यालाही वाटा मिळत गेला आणि केंट परगण्यात त्यानं जुना प्रशस्त वाडा घेतला.

पण गोष्ट इथं संपत नाही. मिरपुडीच्या डबीसारखा तो घाट, अंगावरचे ते अर्धगोल, हे सगळं रेमंड कुसिक या बीबीसीच्या नेपथ्यकारानं घडवलं. मुलांनी विकत घेतलं ते त्यानं केलेलं रूप, नेशनचे संवाद नव्हेत. त्याला बक्षीस म्हणून मिळाले अवघे शंभर पौंड. नेशननं फसवलं असं मी म्हणणार नाही, पण मला हे खुपतं.

पुढे नेशननं खूप लिहिलं. १९७५ ची ‘सर्व्हायव्हर्स’ साथीनं जग ओस पडल्यावर उरलेल्या मूठभरांची. २०२० च्या टाळेबंदीनंतर ती पाहताना अंगावर काटा येतो. १९७८ ते ८१ ‘ब्लेक्स सेव्हन’ चालली, तिचे पहिले तेराही भाग त्यानं एकहाती लिहिले. मग तो अमेरिकेत गेला; १९९७ मध्ये तिथंच वारला.

विद्यार्थ्यानं सगळं ऐकून घेतलं.

‘मग कुसिकनं करार का नाही केला, सर?’

‘तो नोकरीत होता,’ मी म्हटलं, ‘पगारात सगळं आलं.’