वळणारी मोटार आणि सरळ जाणारी सायकल

अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या सडकेवर मैंदर्गी हें गांव आहे. समजा, दिवेलागणीच्या सुमारास एक शेतमजूर या सडकेनें सायकलवरून घरीं चालला आहे. मागून मोटार येते, त्यास ओलांडते आणि लगेच डाव्या हाताच्या गल्लींत वळते. सायकल मोटारीवर आदळते व त्या मजुराचा पाय मोडतो. जमलेली गर्दी निकाल देऊन मोकळी होते : ‘सायकलला दिवा नव्हता, चूक त्याचीच.’ चार नोटा हातावर ठेवून प्रकरण मिटतें. कायदा मात्र इतका उतावीळ नाहीं.

सरळ जाणारा आपली वाट सोडीत नाहीं. वळणारा दुसऱ्याची वाट छेदतो. म्हणून ती वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा मुख्य भार वळणाऱ्यावर पडतो. वेळीं इशारा करणें आणि मागचापुढचा रस्ता पाहून मगच वळणें हें त्याचें कर्तव्य होय. इशारा केला म्हणजे वळण्याचा हक्क मिळाला, असें नव्हे.

मग दिव्याचें काय? सायकलस्वाराच्या हयगयीचा विचार न्यायालय अवश्य करतें. पण त्या हयगयीमुळें अपघात घडला काय, हा खरा प्रश्न असतो. ज्यानें सायकलला नुकतेंच ओलांडलें, त्याला ती दिसली नाहीं असें म्हणणें कठीण आहे. १८४२ सालीं इंग्लंडांत पाय बांधून रस्त्यावर सोडलेलें एक गाढव भरधाव गाडीखालीं मेलें. मालकाची चूक असूनही त्यास भरपाई मिळाली. कारण गाडीवानास तो प्रसंग टाळतां आला असता. दोष दोन्हीकडे असेल तर आपल्याकडील न्यायालयें त्याची वांटणी करतात. मुंबईंतील बसच्या धडकेनें मृत्यु पावलेल्या एका सायकलस्वाराच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं त्याचा वांटा शेंकडा २५ धरला. तेवढी भरपाई कमी झाली. दावा बुडाला नाहीं.

ही भरपाई बहुधा विमा कंपनी देते, कारण मोटारीचा त्रयस्थ व्यक्तींसाठीं विमा सक्तीचा आहे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील १६४ व्या कलमानुसार, कोणाचाही दोष सिद्ध न करतां गंभीर दुखापतीस अडीच लक्ष व मृत्यूस पांच लक्ष रुपये मागतां येतात. हाड मोडणें ही गंभीर दुखापतच होय. मात्र ही रक्कम स्वीकारल्यास १६६ व्या कलमाखालील दावा संपतो. म्हणून आधीं वकिलाचा सल्ला घ्यावा.

फौजदारी खटला निराळा. त्यांत चालक सुटला म्हणून भरपाईची वाट बंद होत नाहीं. दावा अपघाताच्या ठिकाणच्या किंवा अर्जदाराच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे करतां येतो. मैंदर्गीच्या माणसास कर्नाटकाच्या हद्दींत अपघात झाला तरी सोलापुरास दाद मागतां येते, ही सीमेवरील गांवास मोठीच सोय आहे. कायद्यानें यासाठीं सहा महिन्यांची मुदत घातली आहे. विलंब करूं नये.

जखमीस उपचार मिळवून देणें आणि पोलिसांस वर्दी देणें हें चालकाचें कर्तव्य आहे. जखमीच्या आप्तांनीं गाडीचा क्रमांक, साक्षीदारांचीं नांवें आणि दवाखान्याचे कागद जपावे. गर्दीच्या निकालावर अंगठा उठविण्याची घाई मात्र करूं नये.