आखडलेला खांदा आणि उतारवयातली फिजिओथेरपी

उतारवयात खांदा आखडू लागला की हात मागे जाणे अवघड होते. नऊवारीचा काष्टा मागे खोचता येत नाही, ब्लाउजची हुके लागत नाहीत, मागच्या खिशातले पाकीट काढताना कळ येते. मग वेणी घालणे, फडताळावरचा डबा उतरवणे, बसमधली दांडी धरणे अवघड होत जाते आणि रात्री त्या कुशीवर झोप लागत नाही. घरात त्याला ‘खांदा धरला’ एवढेच नाव असते. पण धरलेला प्रत्येक खांदा एकाच दुखण्याचा नसतो, आणि उपचार त्यावरूनच ठरतो.

पवनेच्या पलीकडे, पिंपरीसमोर वसलेल्या काळेवाडीत हे दुखणे घरोघरी ओळखीचे आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली आणि कारखाने वाढत गेले. कामासाठी आलेल्या अनेक कुटुंबांनी काळेवाडी, रहाटणी, थेरगाव या भागांत घरे केली. तेव्हाचे तरुण कामगार आज निवृत्त आहेत. त्यांच्या घरांत खांदेदुखीचा दोष सहसा कारखान्यातल्या कामाला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. खांद्याच्या वर हात धरून वर्षानुवर्षे केलेल्या कामाने स्नायूंच्या दोऱ्या झिजतात, हे खरे. मात्र पूर्ण आखडलेल्या खांद्याचा अधिक जवळचा संबंध मधुमेहाशी आहे.

खांद्याचा सांधा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, उथळ खोबणीत बसतो. बशीत लिंबू ठेवावे तसा. त्याला जागेवर धरतात ते रोटेटर कफचे चार लहान स्नायू आणि सांध्याभोवतीचे पातळ आवरण. हात पूर्ण वर जातो तेव्हा सुमारे १८० अंशांपैकी १२० अंश खुद्द सांध्याचे असतात आणि उरलेले ६० फऱ्याच्या सरकण्याचे. म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट दुखरा खांदा तपासताना रुग्णाच्या पाठीमागे उभा राहून फरा कसा हलतो तेही पाहतो.

आवरणाला सूज येऊन ते आकसले की होतो तो फ्रोझन शोल्डर. हे नाव बॉस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केले. हा विकार साधारण चाळिशी ते पासष्टीत आणि स्त्रियांत जास्त दिसतो. मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट असते. पहिले काही महिने दुखणे वाढते. पुढे दुखणे उतरते पण खांदा जाम राहतो, आणि शेवटी तो हळूहळू सुटतो. या सगळ्याला एक ते तीन वर्षेही लागतात. याची खूण सोपी आहे: रुग्णाला स्वतःला हात फिरवता येत नाही आणि दुसऱ्याने फिरवला तरी तो फिरत नाही. कोपर कुशीला टेकवून हाताचा पंजा बाहेर वळवायला सांगितले की ही अडचण लगेच दिसते.

रोटेटर कफची दोरी झिजली किंवा फाटली असेल तर चित्र वेगळे असते. रुग्णाचा स्वतःचा हात वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो. साठीनंतर अशा फाटी सर्रास आढळतात आणि त्यांतल्या कित्येक अजिबात दुखत नाहीत. त्यामुळे एमआरआयच्या अहवालात ‘फाट’ हा शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही. हाताची ताकद किती उरली आहे, हे जास्त महत्त्वाचे. तिसरा प्रकार सांध्याच्या झिजेचा. चौथा मानेच्या मणक्यातून येणाऱ्या दुखण्याचा, ज्यात कळ कोपराखाली बोटांपर्यंत उतरते.

फ्रोझन शोल्डरच्या पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात जोर लावणे घातक ठरते. तेलाने रगडून मालीश करून घेणे किंवा कोणाकडून हात ओढून ‘मोकळा’ करून घेणे याने सूज वाढते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांत तर हाड मोडण्याचा धोका असतो. उलट, हात गळ्यात बांधून महिनोन्‌महिने जपला तर आवरण आणखी आकसते. या दोन टोकांमधली वाट म्हणजे फिजिओथेरपी. टेबलाला धरून पुढे वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंगाच्या हलक्या झोक्याने तो हलवायचा, हा कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा व्यायाम येथे उपयोगी पडतो. सोबत शेक आणि झोपताना दंडाखाली उशी. सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना शेवटी काढावा.

दुखणे उतरले की ताण वाढवायचा. भिंतीवर बोटांनी चढत जाणे, दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकलणे, दाराला टांगलेल्या कप्पीच्या दोरीने हात वर खेचणे, पंचा पाठीमागे तिरपा धरून वर ओढणे हे सगळे घरी जमते. एकदाच तासभर करण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे बरी. व्यायाम करताना ताण जाणवणारच. तो थोड्या वेळात निवला तर ठीक, रात्रभर ठणका राहिला तर दुसऱ्या दिवशी मात्रा कमी करावी. रोटेटर कफच्या फाटलेल्या दोरीसाठी मात्र ताणापेक्षा ताकदीचे व्यायाम लागतात. उताणे झोपून हात छताकडे उचलायचा, जमू लागले की पाठ थोडी थोडी उंच करत तेच करायचे. फरक दिसायला तीन महिने धरावेत.

‘मशीन लावणे’ हीच फिजिओथेरपी, असा समज खोल रुजला आहे. अल्ट्रासाउंड किंवा करंटने काहींना थोडा वेळ बरे वाटते, पण त्यांनी खांदा सुटत नाही; पेसमेकर असलेल्यांनी तर विजेच्या उपकरणांआधी तसे सांगायलाच हवे. रोटेटर कफच्या दुखण्यावर ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. नीट समजावून दिलेल्या एकाच भेटीनंतर घरी व्यायाम करणारे आणि सहा भेटींपर्यंत देखरेखीखाली व्यायाम करणारे यांच्यात वर्षअखेर फरक राहिला नाही. रोज रिक्षाने दवाखान्यात जाणे न परवडणाऱ्या निवृत्त माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. फ्रोझन शोल्डरवरच्या २०२० सालच्या ५०३ रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि फिजिओथेरपी यांची जोडी दोन प्रकारच्या शल्योपचारांच्या तुलनेत ठळकपणे मागे पडली नाही. इंजेक्शननंतर मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, तेवढे लक्ष ठेवावे.

काही खुणा दिसल्या तर व्यायामाआधी डॉक्टर गाठावा. पडल्यानंतर हात उचलताच न येणे, ताप, सांध्यावर लाली, कारण नसताना घटणारे वजन या त्या खुणा. डाव्या खांद्यातले दुखणे छातीत दडपण आणि घामासह आले तर ते हृदयाचे असू शकते. तेव्हा वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय काळेवाडीपासून फार लांब नाही.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सुरुवात पोलिओमुळे झाली. मुंबईतल्या १९५२च्या साथीनंतर १९५३ साली केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय निघाले. आज बी.पी.टीएच. ही फिजिओथेरपीची पदवी आहे आणि राज्यात व्यवसाय करण्यासाठी राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. फिजिओथेरपिस्टला नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा.

बरा झालेला फ्रोझन शोल्डर त्याच बाजूला सहसा परतत नाही. मात्र काहींना पुढच्या पाच वर्षांत दुसऱ्या खांद्याला तो होतो. म्हणून मधुमेही व्यक्तीने दोन्ही हात महिन्यातून एकदा मागे, वर आणि बाहेर फिरवून पाहावेत. एक बाजू कमी फिरू लागली तर व्यायाम तेव्हाच सुरू करता येतात.