चावी घेण्याआधी नंबरप्लेट बघा!

मैत्रिणींनो, भाड्याची गाडी घेताना आपण काय बघतो? एसी चालतो का, डिकीत बॅगा मावतात का! नंबरप्लेटकडे कोण बघतंय?

गेल्या वर्षी मी लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले होते. भाड्याच्या गाडीतून फिरताना पोलिसाने आम्हाला थांबवलं. लेक तर अगदी शिस्तीत चालवत होती. मग झालं काय? तिथे गाडीचं रजिस्ट्रेशन दरवर्षी नवं करावं लागतं. मागच्या प्लेटवर वर दोन छोटे स्टिकर असतात. डावीकडे महिना, उजवीकडे वर्ष. आमच्या गाडीची मुदत कधीच संपली होती! रजिस्ट्रेशन करायचं कंपनीने, पण रस्त्यात अडवतात ते चालवणारीलाच. लेकीने शांतपणे लायसन्स आणि भाड्याचा करार दाखवला. पोलिसाने समज देऊन सोडलं. लेकीने लगेच कंपनीला फोन करून गाडी बदलून घेतली.

आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं चालतं, म्हणून तारीख बघायची सवयच नाही. पण विमा आणि पीयूसीची मुदत संपतेच की! गोव्यात स्वतः चालवायला गाडी घ्याल, तर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. ती स्वस्तात मिळेलही, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की सगळ्या तारखा दिसतात. भाजी निवडून घेणाऱ्या आपण, गाडी का नाही पारखून घ्यायची?