पडदा गावातला, रानही गावातलंच



गेल्या उन्हाळ्यात शेतकी खात्याची आम्ही मंडळी एका गावी सोसायटीच्या गोडाऊनमध्ये पडदा लावून बसलो होतो. विषय होता हवामानबदल. चित्रफीत तशी चांगली होती. बर्फाचे कडे कोसळत होते, पांढरी अस्वलं पोहत होती. पण दहा मिनिटांत मागची माणसं उठू लागली. एक आजोबा जाता जाता म्हणाले, "सायेब, तिकडं बर्फ वितळतंय ते खरं आसंल, पर माझ्या इहिरीचं काय ते सांगा की."

चूक आजोबांची नव्हती, आमची होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठचा ऊस पाण्याखाली गेला. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हे ज्यानं सोसलं, त्याला अस्वल कशाला दाखवायचं? त्याला एवढंच सांगावं, की हवा एक अंशानं तापली तर सुमारे ७ टक्के जादा बाष्प धरते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि उघडीप पडली की तीच तापलेली हवा रानातली ओल लवकर ओढून घेते.

मग दुसरी फीत लावली. आठच मिनिटांची. शेजारच्या गावच्या एका सभासदाच्या मुलानं मोबाईलवर काढलेली. खोडव्याचे दोन तुकडे, मध्ये एक बांध. एकात पाचट पेटवलेलं, दुसऱ्यात एक आड एक सरीत दाबलेलं. पाणी देऊन बारा दिवस झालेले. पोरानं दोन्हीकडे खुरप्यानं माती उकरली. इकडं ढेकूळ, तिकडं मुठीत वळणारी माती. पहिला प्रश्न आला, "ह्यो कुणाचा रं पोरगा?" मागून एक बाई म्हणाल्या, "थांबवा जरा. पाचटानं पाणी तुंबत न्हाई का?" फीत थांबवली. पाणी मोकळ्या सरीतनं द्यायचं, हे तिथंच बोलून झालं. रात्रीच्या लाईटची वेळ झाली तरी माणसं हलेनात. दुसऱ्या दिवशी तिघं जण ते रान बघून आले.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्यानं सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरदर्शन संच बसवून शेतीचे कार्यक्रम दाखवले गेले. ते मोठं काम होतं, पण संच प्रश्नाला उत्तर देत नव्हता. पुढे २००६ मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रिकिन गांधी यांनी 'डिजिटल ग्रीन'चं काम सुरू केलं. शेतकरीही स्थानिक, चित्रणही स्थानिक, आणि दाखवताना गावातलाच एक माणूस फीत थांबवून चर्चा घडवणार. कर्नाटकातल्या १६ गावांच्या चाचणीत काही सुधारित पद्धती स्वीकारण्याचं प्रमाण नेहमीच्या विस्तारकार्याच्या सुमारे सातपट आढळलं.

आता आपल्या कामाचं बोलू. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात ४० ते ५० किलो नत्र असतं. काडी लावली की ते जवळजवळ सगळं धुरावाटे जातं, आणि जमिनीत मुरायचा कर्बही हवेत जातो. कुजवायचं तर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. बुडखे जमिनीलगत छाटावेत. पहिल्या वर्षी मजुरी जादा लागते, हे लपवू नये. फितीतही ते सांगावं.

म्हणून विनंती अशी. ज्यांनी पाचट ठेवलं आहे, त्यांनी पाच-आठ मिनिटांचं चित्रण करावं. आपलं नाव, गाव, खर्च सांगावा. काय चुकलं तेही सांगावं, कारण लोकांचा विश्वास तिथंच बसतो. पुराच्या पाण्याची खूण, उघडिपीत करपलेला शेंडा, तारखेसह टिपून ठेवावा. फीत चिटबॉयकडे किंवा गट ऑफिसात द्यावी. पडदा आम्ही आणू.

आणि त्या आजोबांना सांगा, पुढच्या खेपेला त्यांच्या विहिरीचंच चित्र लावू. चित्रण मात्र त्यांच्या नातवानं करायचं.

— शेतकी विभाग