उणे एकवीस अंशांचे गाव

आपल्याकडे निफाडला पारा 4-5 अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. इथल्या दक्षिण बेटावर, सेंट्रल ओटागोतले ओफीर हे चिमुकले गाव म्हणजे निफाडचा थोरला भाऊच! 3 जुलै 1995 रोजी, ऐन आषाढात, तिथे उणे 21.6 अंश सेल्सियसची नोंद झाली. त्याच भागातल्या रॅनफर्लीने तर 17 जुलै 1903 ला उणे 25.6 अंश पाहिले आहेत.

कारण भूगोलाचे. समुद्र दूर, भोवती डोंगर. बर्फ पडून आभाळ निवळले आणि वारा थांबला, की रात्री जमिनीची ऊब निघून जाते. उतारावरून जड, गार हवा खाली येते आणि खोऱ्यात साचते. मग चांगली आठवडाभर हलत नाही.

आम्हा मंडळींना मात्र थंडी बाधते ती घरात! 1978 पूर्वी इथल्या नव्या घरांच्या छता-भिंतींत ऊब धरणारे अस्तर सक्तीचे नव्हते. भाड्याच्या घरांत, शक्य तिथे, छतात आणि फरशीखाली ते 1 जुलै 2019 पासून बंधनकारक झाले. तेव्हा घर पाहताना आधी अस्तराची चौकशी करा, ओट्याची मागाहून! कुकरची वाफ बाहेर जाऊ द्या, ओले कपडे हीटरपुढे वाळत घालू नका. दमट हवा तापायला वेळ लागतो आणि भिंतींना बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान 18 अंश सुचवते. तेवढी ऊब आजी-आजोबांच्या आणि तान्ह्या बाळांच्या खोलीत तरी हवीच.

आणि तिळगूळ? संक्रांत इथे भर उन्हाळ्यात येते. आम्ही लाडू जुलैतही वळतो!