मी तोतया तर नाही ना? : इम्पोस्टर सिंड्रोम समजून घेताना



‘इम्पोस्टर’ या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, असं बरेच जण विचारतात. आपल्याकडे त्याला फार चांगला शब्द आहे : तोतया. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे ‘मीच भाऊसाहेब’ म्हणत एक माणूस उभा राहिला. त्याच्यामागे लोक गेले, बंड झालं आणि अखेर १७७६ साली त्याला मृत्युदंड झाला. हा खरा तोतया. आपण भाऊ नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लोकांना ते कळू द्यायचं नव्हतं, इतकंच.

आज आपण ज्या माणसाबद्दल बोलणार आहोत, त्याचं नेमकं उलटं असतं. त्याची पदवी खरी, नोकरी खरी, काम खरं. लोकांना ते दिसतंही. त्याला स्वतःला मात्र वाटत राहतं की आपण चुकून इथे आलोय आणि आज ना उद्या आपलं पितळ उघडं पडणार.

हा आजार आहे का?

नाही. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर पहिला निबंध लिहिला. दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रियांबरोबर काम करताना त्यांना जे दिसलं, ते त्यांनी मांडलं. त्यांनी शब्द वापरला होता ‘फिनॉमिनन’, म्हणजे एक आढळणारा अनुभव. ‘सिंड्रोम’ हे नाव नंतर लोकांच्या तोंडी बसलं. मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जी पुस्तिका वापरतात, तिच्यात या नावाचा आजार नाही.

पुढे पुरुषांमध्येही तो आढळला. मग किती जणांना असं वाटतं? २०२० मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात हे प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत निघालं! कोणती प्रश्नावली वापरली आणि रेघ कुठे मारली, यावर आकडा बदलतो. म्हणून ‘इतके टक्के लोकांना हा सिंड्रोम आहे’ असं कुणी ठामपणे सांगितलं, तर जरा सबुरीनं घ्या.

चक्र कसं फिरतं?

समजा, तालुक्याच्या गावातून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली एक मुलगी पुण्यात एका कंपनीत कामाला लागलीय. सोमवारी तिला सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन द्यायचंय. धास्ती वाटते. आता दोन वाटा असतात. एक, तीन तासांच्या तयारीला ती तीन रात्री घालवते. दुसरी, भीतीपोटी काम पुढे ढकलत राहते आणि आदल्या रात्री कसंबसं उरकते.

प्रेझेंटेशन चांगलं होतं. पण पहिल्या वाटेनं गेली तर ती म्हणते, ‘मी गाढवासारखी राबले म्हणून जमलं, हुशार माणसाला एवढं लागत नाही.’ दुसऱ्या वाटेनं गेली तर म्हणते, ‘नशिबानं वाचले.’ म्हणजे बघा, दोन्हीकडून यश तिच्या खात्यात जमा होतच नाही. चूक झाली तर मात्र ती लगेच नावे पडते. अशी खातेवही वर्षानुवर्षं लिहिली, तर शिल्लक काय राहणार?

आणि म्हणूनच नुसत्या कौतुकानं हे बरं होत नाही. ‘छान केलंस’ म्हटलं की तिला वाटतं, चला, आणखी एक माणूस फसला. भीती वाढतेच.

याची किंमत मोठी असते. माणूस वर्गात प्रश्न विचारत नाही. जाहिरातीतल्या दहा अटींपैकी आठ पूर्ण होत असूनही अर्ज करत नाही. बढती आली तर ‘मला नको, दुसऱ्या कुणाला द्या’ म्हणतो. बाहेरून हा विनय वाटतो, पण ती माघार असते.

सगळं डोक्यातच असतं का?

इथे थोडं थांबूया. घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात गेलेला मुलगा आहे. वर्गात त्याच्या इंग्रजीला हसतात. ‘तू कोट्यातून आलास ना?’ असं येता-जाता ऐकवतात. त्याला आपण परके आहोत असं वाटलं, तर तो त्याच्या मनाचा दोष आहे का? त्याला तोतया तर इतरांनी ठरवलंय! रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन बुरी या दोघींनी २०२१ मध्ये स्त्रियांच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला : माणसाला दुरुस्त करण्याआधी तो जिथे काम करतो ती जागा तपासा. तेव्हा त्या मुलाला आत्मविश्वासाचं व्याख्यान देण्याआधी टोमणा मारणाऱ्याला थांबवा. शिक्षकांनी आणि साहेब लोकांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

मग करायचं काय?

एक : खातेवही नीट लिहा. खरोखर वहीत. काम काय होतं, त्यात मी काय केलं, मदत कुणाची झाली, नशिबाचा भाग किती. नशीबही लिहा, लपवू नका. पण ‘मी काय केलं’ हा रकाना रिकामा सोडायचा नाही.

दोन : तयारीला आधीच मर्यादा घाला. तीन तास ठरवले तर तीन तासांनी थांबा आणि काय होतं ते बघा. आभाळ कोसळत नाही, हे अनुभवानंच पटतं.

तीन : कौतुक झालं की आपण ‘छे छे, त्यात काय विशेष’ म्हणतो. आपली रीतच आहे ती. त्याऐवजी ‘धन्यवाद, मेहनत घेतली होती’ एवढंच म्हणून बघा. हा गर्व नव्हे, ही नोंद आहे.

चार : बोला. क्लान्स आणि आइम्स यांनी गटात बोलण्यावर भर दिला होता. समोरची स्पष्टपणे हुशार बाई ‘मी खोटी आहे’ म्हणते, तेव्हा त्यातला फोलपणा आपल्याला चटकन दिसतो. मग स्वतःचाही दिसायला लागतो.

श्रोत्यांतून प्रश्न : पण मला खरंच येत नसेल तर?

फार चांगला प्रश्न. यावर एक साधी कसोटी लावा : ‘नेमकं काय येत नाही?’ उत्तर ‘मला एक्सेलमधली अमुक गोष्ट येत नाही’ असं आलं, तर ती उणीव आहे. ती शिकता येते, आठवड्यात नाही तर महिन्यात. उत्तर ‘सगळंच’ असं आलं, तर ती बहुधा भीती बोलतेय. खात्री हवी असेल तर तुमचं काम जवळून पाहणाऱ्या माणसाला विचारा, ‘मी कसा आहे?’ असं नव्हे, तर ‘या कामात काय सुधारू?’ असं. आणि नव्या जागी पहिले काही महिने येत नसतंच. नवखा असणं आणि तोतया असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटचं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते या विषयाच्या पलीकडचं आहे. तिथे वही पुरत नाही, डॉक्टरांकडे जायचं. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, स्वतःसाठी नसला तरी घरात, ऑफिसात कुणाला लागेल.