हजारचा नाद सोड!

कपाटातला जुना फिल्म कॅमेरा बाहेर काढताय? थांबा! डोळ्याला लावण्याआधी तो कानाला लावा. पुण्याहून काष्टीला नेलेल्या एका ‘पेशंट’ची ही सर्व्हिसिंग स्टोरी.

तुमच्या घरीही एक असेलच बघा. माळ्यावरच्या सुटकेसमध्ये, जुन्या साड्यांच्या खाली, कातडी कव्हरमध्ये झोपलेला फिल्म कॅमेरा. हल्ली फिल्मची पुन्हा जाम हवा आहे. २०२४मध्ये पेंटॅक्सने हाताने रोल पुढे सरकवायचा ‘पेंटॅक्स १७’ हा चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला! मग आपणही उत्साहाने जुना कॅमेरा बाहेर काढतो, धूळ पुसतो, डोळ्याला लावतो आणि... काळाकुट्ट अंधार! माझं अगदी हेच झालं.

माझा कॅमेरा म्हणजे खरं तर माझ्या मामांचा. पेंटॅक्स के-१०००. हे मॉडेल १९७६मध्ये आलं आणि १९९७पर्यंत बनत राहिलं. ऑटोफोकस नाही, सेल्फ-टायमर नाही. बटणाएवढा एक सेल लागतो, तोही फक्त लाइट मीटरला. बाकी सगळा कारभार स्प्रिंग आणि गिअरवर. म्हणून तर जगभर फोटोग्राफी शिकणाऱ्यांच्या हातात आधी हाच कॅमेरा दिला जायचा.

मामांचा काष्टीत फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, बारशी आणि दर शनिवारी जनावरांचा बाजार. बैलजोडी घेतली की शेतकरी आधी गुलाल लावायचा आणि मग मामांना हाक मारायचा. रोल कधी कोडॅकचा, तर कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. डिजिटल आलं, मोबाइल आले, स्टुडिओच्या जागी रिचार्जचं दुकान आलं. त्यात मामांना काचबिंदू झाला. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं जवळजवळ नाही. ‘गेलेलं परत येत नसतं, राहिलंय ते टिकवायचं,’ असं ते डॉक्टरांचं वाक्य अगदी नॉर्मल आवाजात सांगतात. कॅमेरा मला दिला तेव्हा एकच अट घातली होती. ‘चालवणार असशील तर ने. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर नको. भुसा भरलेला बैल मला दारात नको.’

आणि मी काय केलं? चार वर्षं शोकेसमध्ये ठेवला!

‘स्प्रे मारलास का?’

पुण्यातल्या एका दुकानात विचारलं, तर पार्ट मिळत नाहीत म्हणाले. मग मी इंटरनेटवर दोन व्हिडिओ बघितले आणि गंज काढायचा स्प्रे हातात घेतला. नशीब, आधी मामांना फोन केला.

‘मारलास का?’

‘अजून नाही.’

‘मग ठेव खाली. आणि शनिवारी ये.’

का ते नंतर कळलं. असला पातळ स्प्रे आत कुठेही पसरतो. शटरच्या कापडी पडद्यावर जातो, आरशावर जातो, धूळ धरून बसतो. पाच मिनिटांचं काम वाचवायला जावं आणि आख्खा कॅमेरा खोलायची वेळ यावी!

शनिवारी दौंड मागे टाकलं, भीमा ओलांडली आणि काष्टीत उतरले. ओसरीवर मामांनी पांढरं धोतर अंथरून ठेवलं होतं. पांढरं अशासाठी की स्क्रू पडला तर दिसावा. ‘मला नाही, तुला,’ ते म्हणाले. मग वाटणी झाली : कान मामांचे, डोळे माझे.

आरसा चिकटलाय!

व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार म्हणजे आरसा वर अडकलाय. लेन्स काढून बघितलं, तर खरंच! आरसा वर जाऊन ज्या फोमच्या पट्टीवर आपटतो, ती पट्टी वितळून डांबरासारखी झाली होती आणि आरसा तिला चिकटून बसला होता. हा एकट्या पेंटॅक्सचा प्रॉब्लेम नाही. त्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत असाच फोम असायचा आणि वीस-तीस वर्षांत त्याची अशीच गत होते.

मामांनी कडेला हलका धक्का द्यायला सांगितलं. टक्! आरसा खाली आला. मग कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करायचं, म्हणजे घाण आत पडत नाही. टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला इअरबड घेऊन काळा चिकटा थोडा थोडा काढायचा. ओघळ येऊ द्यायचा नाही, कारण शेजारीच फोकसिंग स्क्रीन असते, ती प्लॅस्टिकची. आणि आरशाला बोट? अजिबात नाही! त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. पुसायला गेलात की निघालाच म्हणून समजा. धूळ दिसली तर रबरी ब्लोअरने फुंकायची, बस्स.

चिकटा काढायला पाऊण तास गेला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये समोरची चिंच दिसली. मी ओरडलेच. मामा म्हणाले, ‘दिसतंय ना? आता ऐक.’

एक सेकंद किती मोठा?

मामांनी कॅमेरा कानाशी धरला, स्पीड एक सेकंदावर ठेवला आणि बटण दाबलं. खर्रर्र... टक्. ‘दमलाय. दीडच्या जवळ जातोय.’

मला काही हे पटेना. मी मोबाइल काढला. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम्स मिळतात. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडं ठेवून शूट केलं आणि शटर किती फ्रेम्स उघडं होतं ते मोजलं. ३४० फ्रेम्स! म्हणजे जवळपास एक पूर्णांक चार दशांश सेकंद. मामांचा कान पास!

कारण अगदी साधं आहे. कमी स्पीडला शटर उघडं ठेवायला आत एक छोटी गिअर ट्रेन असते, घड्याळातल्यासारखी. तिचं ग्रीस वर्षानुवर्षं पडून घट्ट होतं. त्यावर पहिला उपाय म्हणजे व्यायाम. एक सेकंदापासून एक हजारांशपर्यंत प्रत्येक स्पीडवर पन्नास-पन्नास वेळा शटर मारायचं, अर्थातच रोल न घालता. आम्ही चहा पीत पीत तेच केलं. अंगठा सुजला, पण एक सेकंद २६० फ्रेम्सवर आला. राहिलेली चूक निगेटिव्ह फिल्म आरामात पोटात घालते.

पराणी नको, वंगण घाल

आता वरचे स्पीड. इथे मात्र मामांच्या कानाला मर्यादा होती. माझे डोळे हवे होते. लेन्स काढून, मागचं झाकण उघडून, कॅमेरा आकाशाकडे धरायचा आणि मागून बघत शटर मारायचं. पाचशेवर पूर्ण चौकट क्षणभर उजळली. हजारवर मात्र एका बाजूची पट्टी काळीच राहिली.

असं होतं, कारण या कॅमेऱ्यात कापडाचे दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून बंद करत येतो. हजारवर दोघांच्या मध्ये अगदी बारीक फट राहते. पहिला पडदा सुस्तावला की दुसरा त्याला वाटेतच गाठतो, फट मिटते आणि फोटोचा तेवढा भाग काळा!

‘मग स्प्रिंग थोडी ताणली तर?’ मी माझं व्हिडिओ-ज्ञान पाजळलं.

‘बैल दमलाय आणि तू पराणी टोचणार? आधी आखाला वंगण घाल.’

खालची पट्टी उघडली. प्रत्येक स्क्रूची जागा कागदावर काढून ठेवली. सुईच्या टोकावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल मामांनी दाखवलेल्या दोन ठिकाणी लावलं. पडद्याला काही नाही. पुन्हा पन्नास वेळा शटर. काळी पट्टी बारीक झाली, पण गेली नाही.

आतलं सगळं खोलून साफ केलं तर ते जमेलही. पण त्याला वेगळी हत्यारं लागतात, सरावाचा हात लागतो आणि स्वच्छ नजर लागते. मामा थोडा वेळ गप्प बसले. हेच काम त्यांनी याच ओसरीवर कितीदा तरी केलं असेल. मग म्हणाले, ‘हजारचा नाद सोड. बाजाराला पाचशे पुष्कळ.’

हिशेबही तोच सांगतो. १०० आयएसओचा रोल, भर दुपारचं ऊन आणि अॅपर्चर १६ असेल, तर स्पीड लागतो १२५. अॅपर्चर ८ केलं, तरी ५००. म्हणजे हजारवाचून काहीच अडत नाही!

राहिली प्रकाशगळती. मागच्या झाकणाच्या खाचांमधला फोमही पार भुगा झाला होता. तो तसाच ठेवला, तर रंगीत फोटोवर केशरी पट्टे येतात. मी म्हटलं, घोंगडीची काळी लोकर वापरू. मामा हसले. ‘ती झडते. एक केस पडद्यात गेला की संपलं.’ शेवटी मामींच्या विणकामातली मऊ काळी लोकर खाचेत बसवली. काम एकदम फिट!

शनिवारचा टेस्ट रोल

पुढच्या शनिवारी मी छत्तीसचा रोल घेऊन पुन्हा काष्टीत हजर. टेस्ट रोलचा फंडा असा की प्रत्येक फोटोचा नंबर, स्पीड आणि अॅपर्चर वहीत लिहायचं. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून बाजारात फिरले. खिलार, जर्सी, शेळ्या, टेम्पोवाले, रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने त्यांना ओळखलं आणि नव्या जोडीसमोर उभं राहून सदरा नीट केला. तो फोटो मामांनी काढला. फोकस मी लावला, चौकट मी सांगितली, बटण त्यांनी दाबलं. आवाज ऐकून म्हणाले, ‘अडीचशे. बरोबर?’

बरोबर.

रोल पुण्यात धुतला, स्कॅन केला. सगळा खर्च बाराशेच्या पुढे गेला. रिझल्ट आल्या आल्या फोन लावला.

‘मामा, छत्तीसपैकी एकतीस आले!’

‘आणि हजारवर मारलेला? सातवा ना?’

वही उघडली. सातवाच होता. ‘डावीकडून काळा.’

‘मग कॅमेरा खरं बोलतोय. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.’

लिहिलंय. ‘हजार : वापरू नये. बाकी सगळं चालू.’

घरच्या घरी चेकअप

• सेलचं झाकण नाण्याने उघडा. पांढरा-हिरवा क्षार असेल, तर व्हिनेगरच्या इअरबडने पुसा आणि नीट वाळवा. सेल गेला म्हणजे कॅमेरा गेला असं नाही. के-१०००चं शटर त्याच्याशिवायही चालतं.

• के-१०००च्या मीटरला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण लावणं हाच ‘ऑफ’.

• लेव्हर अडला तर जोर लावू नका. जोर लावला की साधी अडचण मोडतोड होते.

• पडद्याला बोट लावू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका.

• कातडी कव्हर ओल धरतं आणि लेन्सवर बुरशी येते. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

• ठेवताना शटर चढवून ठेवू नका. आणि महिन्यातून एकदा सगळे स्पीड मारा. पडून राहण्यानेच कॅमेरा जास्त म्हातारा होतो!